युगांडातून चोपडा तालुक्यात: परतीचं पहिलं वर्ष

या प्रकरणातला माणूस कृषी पदवीधर आहे, वय ३४, घर चोपडा तालुक्यात तापीच्या अंगाला. ८ जुलै २०१९ ला तो स्वयंसेवक म्हणून युगांडाला गेला आणि २० मे २०२५ ला परतला. काम नैऋत्येकडच्या इसिंगिरो भागात, केळी पिकवणाऱ्या गावांत. घरी आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं. बहीण अमळनेरला दिलेली. वडील मार्च २०२२ मध्ये गेले, तेव्हा तो तिकडे होता. माणूस आणि घर अभ्यासासाठी कल्पलेलं आहे. कायदे, मुदती, आजार आणि पिकांची वागणूक मात्र खरी आहे, आणि परतणाऱ्याला उपयोग होईल तो याच भागाचा.

एक गोष्ट आधी स्पष्ट हवी. स्वयंसेवकाला पगार नसतो. राहणं, खाणं, प्रवास भागेल एवढा निर्वाहभत्ता मिळतो आणि शेवटी पुन्हा बस्तान बसवण्यासाठी एकरकमी थोडे पैसे. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातही (मुख्यालय जर्मनीतलं बॉन) हीच रीत आहे. गावात मात्र तुलना होते ती दुबई-मस्कतहून आलेल्यांशी. 'सहा वर्षं फॉरेनला होता' एवढं ऐकलं की लोक मनातल्या मनात बंगल्याचा नकाशा काढतात. या माणसाच्या हातात शेवटी २,९०० डॉलर आले, म्हणजे तेव्हाच्या दराने अडीच लाखांच्या आतबाहेर. हा आकडा आई आणि भावाला त्याने विमानात बसण्याआधी सांगायला हवा होता. सांगितला नाही, आणि पुढच्या निम्म्या अडचणी तिथून सुरू झाल्या.

तारीख

करार ३० एप्रिलला संपला, स्वस्त तिकीट २० मेचं मिळालं, म्हणून तो २० मेला आला. तिकिटाच्या हिशेबाने बरोबर, घराच्या हिशेबाने चूक.

२०२५ ची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, ३० एप्रिलला होती. खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात त्या आखाजीला, आणि गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरली जाते तीही त्याच दिवशी. वडिलांच्या गंधमुक्तीला, म्हणजे मृत्यूनंतरच्या विधीला, तो नव्हता, त्यानंतरच्या चारही आखाज्यांना नव्हता. पाच आठवडे आधी निघाला असता तर बहीण भेटली असती आणि घागर त्याच्या हातून भरली गेली असती. शिल्लक रजा कराराच्या शेवटी जोडून घेता येते. बहुतेक संस्था ते मान्य करतात, फक्त दोन-तीन महिने आधी लेखी विचारावं लागतं.

शेतीच्या अंगानेही तारीख वाईट. मे म्हणजे ४४-४५ अंश. आणि मे अखेरीला मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावायच्या केळीची, धांदल: नांगरट झालेली, ठिबकच्या नळ्या अंथरणं चालू, रोपांची गाडी जूनच्या मध्यावर यायची. अशा वेळी घरी उतरलेला माणूस आठवडाभरात बागेत ओढला जातो. ज्याला वेळ ठरवता येते त्याने आखाजीच्या आधी यावं, नाहीतर थेट दसऱ्याला. दसऱ्याला आला तर कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची, लागवड चालू असते, पण तिला मृगासारखी घाई नसते, हवाही सोसते.

तिकडून निघण्याआधी

परत आल्यावर मिळवायला अवघड जाणारे कागद तीन. पहिला, पोलिसांचा सद्वर्तनाचा दाखला. युगांडात तो कंपालातल्या इंटरपोल कार्यालयातून मिळतो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्यामुळे तिथे असतानाच काढावा. दुसरा, अनुभवपत्र. 'सहा वर्षं सेवा केली, शुभेच्छा' अशा पत्राचा इथे काही उपयोग होत नाही. त्यात पद, सुरुवातीची व शेवटची तारीख, किती शेतकऱ्यांसोबत काम, किती लोक हाताखाली, किती रकमेचा हिशेब सांभाळला, आणि दोन वर्षांनीही उत्तर देईल अशा माणसाचा पत्ता हवा. त्याला शासकीय वजन हवं असेल तर युगांडाच्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, मग कंपालातल्या भारतीय उच्चायुक्तालयाचं. तिसरा, लसीकरणाचं पिवळं पुस्तक. युगांडा पीतज्वराच्या यादीत आहे. दाखला नसेल तर मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस टोचल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात आणि २०१६ पासून तो दाखला आयुष्यभर चालतो. जुना दाखला दहा वर्षांचा म्हणून पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही.

मोबाइल मनीतली शिल्लक निघण्याच्या आदल्या आठवड्यात काढायची. तिकडचं सिम बंद पडलं की ते पैसे इथून हलवणं जवळजवळ अशक्य. युगांडाचे शिलिंग मुंबईत कोणी बदलून देत नाही, म्हणून तिथेच डॉलर करावेत. पाच हजार डॉलरपेक्षा जास्त नोटा, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून दहा हजारांपेक्षा जास्त, असतील तर विमानतळावर जाहीरपत्र भरावं लागतं. याच्याकडे तेवढे नव्हते. आल्यावर हातातल्या नोटा १८० दिवसांच्या आत बँकेत द्यायच्या. दोन हजार डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात.

आता बूट आणि कोयता. केळी पट्ट्यातून केळी पट्ट्यात येणाऱ्या माणसासाठी पासपोर्टनंतर सगळ्यात महत्त्वाची बाब हीच, आणि याबद्दल त्याला कोणीही सांगत नाही. युगांडात २००१ मध्ये केळीवर जिवाणूजन्य मर दिसली. तिचा जिवाणू झँथोमोनास, मूळ इथिओपियात. पान पिवळं पडून लोंबतं, घड अवेळी पिकतो, खोड कापलं की पिवळा चिकट पू येतो. प्रसार फुलावरच्या किड्यांनी, रोगट पिलांनी (कंदातून फुटणाऱ्या कोंबांनी) आणि कोयत्याने. भारतात हा रोग नाही. या माणसाने आठवण म्हणून तिकडचा पांगा, म्हणजे रुंद पात्याचा कोयता, सामानात घातला होता, आणि त्याच बुटांवर तो घरच्या बागेत जाणार होता. रोगाचा जिवाणू मातीत फार काळ तग धरत नाही हे खरं. पण मातीतून दुसरंही काही येतं, आणि केळीच्याच पनामा मर या रोगाची बुरशी मातीत दशकानुदशकं राहते. म्हणून: बूट तिथेच देऊन टाकावेत. पातं आणायचंच असेल तर ब्रशने घासून, आगीवर धरून किंवा एक भाग घरगुती ब्लीच आणि पाच भाग पाणी अशा द्रावणात बुडवून, कोरडं करून आणावं. पील, कंद, बी, माती यांपैकी काहीही आणू नये. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र यांशिवाय ते बेकायदा आहे. 'एकच मटोकेचं (तिकडच्या शिजवून खायच्या केळीचं) पील परसात लावतो' हा मोह अनेकांना होतो. जळगाव जिल्ह्यात ते परस हजारो एकर बागेला लागून असतं.

बंद पडलेला नंबर

जाताना त्याने भारतातलं सिम तसंच ठेवलं होतं. ९० दिवस वापर नाही आणि शिल्लक २० रुपयांखाली गेली की कंपनी नंबर बंद करू शकते आणि काही काळाने दुसऱ्याला देते. तसंच झालं. आधार, बँक, पॅन, सगळ्यांचा ओटीपी त्या नंबरावर. मे महिन्यात चोपड्यात बँकेत गेला तर खातं निष्क्रिय, कारण दोन वर्षं खातेदाराकडून व्यवहार नाही. खातं चालू करायला आधार हवं, आधारचा ओटीपी दुसऱ्याच कुणाच्या फोनवर जाणार.

यातून बाहेर पडायचा क्रम ठरलेला आहे, तो उलटा केला की फेऱ्या वाढतात. आधी नवीन सिम. मग आधार केंद्रात स्वतः जाऊन, बोटं देऊन, मोबाइल नंबर बदलायचा. नोंद व्हायला काही दिवस जातात, तोवर बँकेत जाण्यात अर्थ नाही. मग पॅन: आधारशी न जोडलेलं पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरलं गेलं. अनिवासी भारतीयांना या जोडणीतून सूट होती, पण आयकराच्या संकेतस्थळावर आपली स्थिती अनिवासी अशी नोंदलेली असेल तरच ती कामी येते. याची नोंद नव्हती. आता तो निवासी झाला आहे, म्हणून एक हजार रुपये भरून जोडणं हाच जवळचा रस्ता. सगळ्यात शेवटी बँक. या सगळ्याला त्याचे २६ दिवस गेले. जाणाऱ्यांनी एवढंच करावं: सिम भावाच्या साध्या फोनमध्ये घालून ठेवावं, महिन्याला एक फोन लावावा, आणि शिल्लक २० च्या वर राहील असं पाहावं.

वाहन परवानाही संपला होता. संपल्यापासून एक वर्षाच्या आत नूतनीकरण सरळ होतं. त्यापुढे पुन्हा चाचणी. त्याचा परवाना तीन वर्षांपूर्वी संपलेला, म्हणजे चाचणी. तोवर मोटरसायकल चालवायची नाही, हे गावात पाळणं कठीण. पण विनापरवाना अपघात झाला तर विम्याच्या पैशांचा वाद ठरलेला.

कर आणि खाती

हा भाग लोक सीएवर सोडतात आणि सीए तारखा विचारत नाही. तारखा स्वतः मोजाव्यात, पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून.

परत आल्यावर करासाठी माणूस लगेच पूर्ण निवासी होत नाही. मागच्या सात आर्थिक वर्षांत भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिला असेल, तर तो 'निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला' ठरतो. कर सल्लागार त्याला आरएनओआर म्हणतात. या काळात परदेशात उगवलेल्या उत्पन्नावर इथे कर नाही, मात्र ते उत्पन्न भारतातून चालवलेल्या धंद्याचं नसावं. आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्टही भरावं लागत नाही.

या माणसाचं गणित असं. २०२५-२६ साठी मागची सात वर्षं म्हणजे २०१८-१९ ते २०२४-२५. पहिल्या वर्षाचे पूर्ण ३६५ दिवस, २०१९-२० मध्ये १ एप्रिल ते ८ जुलै ९९ दिवस, आणि मधल्या दोन सुट्या ४० व ३० दिवसांच्या. बेरीज ५३४. आरएनओआर. २०२६-२७ साठी: ९९, ७० आणि परतल्यानंतरचे (२० मे ते ३१ मार्च) ३१६, बेरीज ४८५. पुन्हा आरएनओआर. २०२७-२८ साठी: ७०, ३१६, ३६५; बेरीज ७५१. इथे २२ दिवसांनी मर्यादा ओलांडली आणि तो पूर्ण निवासी झाला. म्हणजे कंपालातलं खातं बंद करून पैसे आणायला त्याच्याकडे ३१ मार्च २०२७ पर्यंत वेळ आहे. घाईत वाईट दराने आणायची गरज नव्हती. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला तरी निवासाची ही कसोटी कायम आहे.

परकीय चलन कायद्याचं मोजमाप वेगळं आहे आणि गोंधळ इथे होतो. तिथे दिवस नाही, हेतू पाहतात: कायमचं राहायला आला की निवासी. म्हणून एनआरओ किंवा एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं असेल तर आल्या आल्या बँकेला कळवून निवासी खात्यात बदलावं. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर निवासी परकीय चलन खातं, आरएफसी, उघडता येतं. आरएनओआर असेपर्यंत त्याचं व्याज करमुक्त. चोपड्याच्या शाखेत हा फॉर्म बहुधा नसेल, जळगावला जावं लागेल.

सातबाऱ्याचं काम याहून मोठं निघालं. वडील गेल्यावर वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असते. भाऊ थांबला, 'तो आला की करू' म्हणून. वारस नोंदीला सगळ्या वारसांनी हजर राहावं लागत नाही, एकाने अर्ज केला तरी चालतो; हे माहीत नसल्याने तीन वर्षं सहा एकर मृत माणसाच्या नावावर राहिले. परिणाम: शेतकरी ओळख क्रमांक निघाला नाही, आणि तो नसल्याने केळीच्या हवामान आधारित विम्यासकट सगळ्या योजना अडल्या. वडिलांच्या नावाचा पीएम-किसानचा हप्ता त्यांच्या मृत्यूनंतरही दोनदा जमा झाला. तो परत करावा लागला. या योजनेत अनिवासी भारतीय अपात्र आहेत, म्हणून परदेशात असलेल्या मुलाच्या नावानेही तोवर अर्ज करता येत नव्हता. तिकडे असताना मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते उच्चायुक्तालयात सही करून पाठवावं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावावा.

ताप

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताप आला. गावातल्या डॉक्टरांनी विडाल केली, टायफॉइड म्हणून इंजेक्शनं सुरू केली. चौथ्या दिवशी वहिनीने आठवण केली की तिकडे मलेरिया फार. जळगावला रक्त तपासलं: फाल्सिपेरम, मलेरियाची घातक जात.

आफ्रिकेतून आल्यावर तीन महिन्यांच्या आत आलेला कोणताही ताप, तपासून नाही ठरेपर्यंत, मलेरियाच धरायचा. त्याच दिवशी स्लाइड आणि किट दोन्ही. एकदा नकारार्थी आलं तर पुढच्या दोन दिवसांत पुन्हा. सहा वर्षं तिकडे राहून अंगात ताकद आली असेल हा भ्रम सोडावा. आणि डॉक्टरांना देशाचं नाव सांगावं, कारण औषध त्यावर ठरतं. महाराष्ट्रात फाल्सिपेरमला आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन ही जोडी देतात. पूर्व आफ्रिकेतला परजीवी सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनला मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही. तिकडच्या मलेरियाला आर्टेमेथर-लुमेफँट्रिनसारखी दुसरी जोडी लागते. हे डॉक्टरांशी बोलायला संकोचू नये. त्यांच्याकडे वर्षाला एकही असा रुग्ण येत नसेल. तीन महिन्यांनंतर, अगदी वर्षाने ताप आला तरी युगांडाचा उल्लेख करावा, कारण ओव्हेल जातीचा मलेरिया यकृतात दडून उशिरा उठतो. त्याला प्रायमाक्विन लागतं, तेही रक्तातलं जी-सिक्स-पीडी हे विकर तपासल्यावरच.

दुसरं, व्हिक्टोरिया सरोवरात पोहला असेल तर शिस्टोसोमा. हा जंत आपल्याकडे जवळजवळ नाहीच, म्हणून इथे कोणी शोधत नाही. शेवटचं पोहणं झाल्यावर तीन महिन्यांनी रक्ताची प्रतिपिंड तपासणी आणि शौच तपासणी. औषध प्राझिक्वांटेल, साधारणतः किलोमागे ४० मिलिग्रॅम. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसले की 'ॲलर्जी' म्हणून सोडून देऊ नये.

आरोग्य विमा आल्याच्या आठवड्यात घ्यावा. पहिले ३० दिवस आजारपणाला संरक्षण नसतं, जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

दारावर

चौकात पहिल्या दिवसापासून तीन प्रश्न. "कवय उना रे भो?" "काय लयना?" "आते आठेच ऱ्हाशी ना?" (कधी आलास? काय आणलंस? आता इथेच राहशील ना?) तिसऱ्याला उत्तर नसतं, आणि चालतंही. पहिले सहा महिने 'आता तर घरी आहे' एवढं पुरतं.

सत्काराचं निमंत्रण ग्रामपंचायतीकडून चौथ्याच दिवशी आलं. त्याआधी करायचं काम वेगळं आहे: सहा वर्षांत भाऊबंदकीत, गल्लीत, शाळेतल्या मित्रांच्या घरी जी माणसं गेली त्यांच्या दारावर जाणं. आई किंवा वहिनीसोबत बसून यादी करावी. याची यादी १९ घरांची निघाली, त्यात कोरोनाच्या लाटेतले सात. दिवसाला दोन घरं, अर्धा तास, हातात काही न नेता, बोलायचं कमी. उशिरा का होईना, दारावर आलेल्या माणसाला गाव परत आपलं मानतं. सत्कार घेतलेल्याला पाहुणा. त्याने आधी शाल-श्रीफळ घेतलं आणि दारावर जायला जुलै उजाडला. दोन घरी त्याला पाणी मिळालं, बोलणं मिळालं नाही.

पैशांचं तेच झालं. पहिल्या महिन्यात भेटवस्तू, गावजेवण आणि घराचे पत्रे यांवर एक लाख दहा हजार गेले. नाही म्हणता येईना, कारण आकडा कुणालाच ठाऊक नव्हता. एकरकमी रकमेतून सहा महिन्यांचा स्वतःचा खर्च आधी वेगळ्या मुदत ठेवीत टाकावा, उरलेल्यातूनच हात सैल करावा.

ऑगस्टमध्ये, म्हणजे तिसऱ्या महिन्यात, तो खचला. झोप नाही, माणसं नकोत, तिकडच्या सहकाऱ्यांशी तासन्‌तास फोन. परतणाऱ्यांत हा घसरणीचा काळ इतका नेमाने येतो की त्याची वाट पाहून तयारी करावी: स्वागत ओसरलेलं, काम नाही, आणि तिकडे राहून न केलेला शोक आता समोर. वडिलांचा शोक याला तीन वर्षांनी आला, भावाला तो तेव्हाच येऊन गेला होता. दोघांनाही एकमेकांचं वागणं परकं वाटलं. अशा वेळी १४४१६ वर टेलिमानसचा फोन आहे, फुकट आणि मराठीत. जळगावला मानसोपचारतज्ज्ञ आहेत. आठवड्यातला एक ठरलेला दिवस घराबाहेरच्या कामाचा ठेवणं याचाही उपयोग होतो.

मृगबाग

घरच्या तीन एकरांत १८ जूनला ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चर) रोपं लागली, पाच बाय पाच फुटांवर, एकरी १,७४२. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, ढगाळ हवा आणि सततची झिमझिम असताना, ४१ झाडांच्या पानांवर शिरांना समांतर पिवळे पट्टे दिसले. काकडी मोझॅक विषाणू, इकडे ज्याला हरण्या म्हणतात. भाऊ म्हणाला उपटू. याने अडवलं. सहा वर्षं ज्या कामात घातली ते हेच, असं त्याला वाटलं, आणि युगांडात शिकवलेली रीत त्याने लावली: फक्त रोगट खोड जमिनीलगत कापायचं, बाकी गड्डा तसाच.

तिकडे ती रीत बरोबर आहे. मटोकेची बाग बारमाही असते, तीन मीटरवर लावलेला गड्डा वर्षानुवर्षं उभा, त्यात तीन-चार खोडं. जिवाणू सगळ्या खोडांत एकाच वेळी पोचत नाही. पूर्ण गड्डा खणायला सांगितलं तर शेतकरी काहीच करत नाही. एक खोड कापायला सांगितलं तर करतो, आणि चिकाटीने करत राहिलं तर रोग आटोक्यात येतो.

इथे त्यातलं एकही कारण लागू नाही. हरण्या विषाणूचा, तो कंदासकट सगळ्या झाडात भिनलेला असतो. पाच आठवड्यांच्या रोपाचा कोंब कंदातच असतो, म्हणून कापलेलं रोप पंधरा दिवसांत पुन्हा फुटलं, पिवळे पट्टे घेऊनच. तोवर मावा त्यावर बसत राहिला. कपाशीवरचा मावा हा विषाणू काही सेकंदांत उचलतो आणि तितक्याच वेळात दुसऱ्या झाडाला देतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं, म्हणून नुसत्या फवारणीने हा रोग थांबत नाही. बांधापलीकडे कपाशी, विहिरीजवळ शेजाऱ्याच्या काकडीचे वेल. १५ ऑगस्टपर्यंत रोगट झाडं १८७ झाली. काहींचा पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडला.

दोघा भावांचं बोलणं चार दिवस बंद होतं. भावाचा मुद्दा पिकापुरता नव्हता. सहा वर्षं बाग त्याने एकट्याने पाहिली, बाप त्याने एकट्याने खांद्यावर नेला, आणि आता पहिल्याच मोसमात त्याचा शब्द खाली पडला होता.

सुधारणा अशी झाली. सगळी रोगट झाडं कंदासकट उपटली, बागेबाहेर नेऊन खड्ड्यात पुरली. काकडीचे वेल शेजाऱ्याने काढले. त्याला बियाण्याचा खर्च दिला. बांधावरचं तण काढलं. जिथे मुदत होती तिथे नांग्या भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावली. आणि इथे त्याची सहा वर्षं कामाला आली: दर चौथ्या दिवशी सकाळी ओळीओळीने चालणं, संशयित झाडाला लाल चिंधी, वहीत ओळ आणि झाड क्रमांक, त्याच दिवशी उपटणं. युगांडातल्या गावांत ही शिस्त तो इतरांकडून करून घेत असे. चार शेजारी शेतकऱ्यांनी तीच वही ठेवायला घेतली, कारण मावा बांध ओळखत नाही. सप्टेंबरअखेर नवी झाडं दिसायची थांबली. एकूण २३१ गेली, ५,२२६ पैकी.

परतणाऱ्या प्रत्येक क्षेत्रातल्या माणसाची, मग तो शिक्षक असो की परिचारिका, ही चूक ठरलेली आहे. तिकडचा उपाय तो उचलून आणतो, पण तो उपाय ज्या कारणांवर उभा होता ती तिकडेच राहतात. पहिला पूर्ण मोसम फक्त पाहावं, मोजावं, लिहावं. इथलं कोण काय जाणतं ते शोधावं: जळगावचं केळी संशोधन केंद्र, ममुराबाद आणि पालचं कृषी विज्ञान केंद्र, आणि बांधावरचा भाऊ.

काम

नोकरीत बीएस्सी कृषीला मर्यादा आहेत. कृषी विज्ञान केंद्रात विषयतज्ज्ञ व्हायला एमएस्सी लागते. सावदा-रावेर पट्ट्यातली निर्यातीची पॅकहाउसं, रोपवाटिका आणि ठिबक कंपन्या क्षेत्र अधिकारी घेतात. त्याच्या अनुभवाला सगळ्यात जवळचं पद शेतकरी उत्पादक कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं. केंद्राच्या दहा हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संघटना) योजनेत पहिली तीन वर्षं या पदाला महिना २५ हजारांपर्यंत आधार आहे. अर्जात त्याने पहिल्यांदा 'समाजसेवा, युगांडा, सहा वर्षं' असं लिहिलं आणि कुठूनच बोलावणं आलं नाही. दुसऱ्यांदा लिहिलं: ४० गट, गटांचे हिशेब, रोग सर्वेक्षण, गावपातळीवरच्या १२ कार्यकर्त्यांवर देखरेख. दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. जानेवारीत एका कंपनीत रुजू झाला.

भावाशी लेखी ठरलं आहे: तीन वर्षं बागेचा निर्णय भावाचा, धाकट्याला कांदेबागेतला अर्धा एकर, त्यात तो काय हवं ते करून पाहील, नुकसान त्याचं. वारस नोंद फेब्रुवारीत मंजूर झाली, चौघांच्या नावे. बहिणीने हक्कसोड द्यावी असं गल्लीत दोघातिघांनी सुचवलं. आईने नको सांगितलं. २०२६ च्या आखाजीला बहीण आली, घागर भरली गेली, ती त्याने भरली. कोयता अजून पत्र्याच्या पेटीत आहे, धुतलेला, आणि त्या पेटीची चावी भावाकडे.